फोटो लागत नाही

युसुफ पिंजारी तसा कशालाही नाक न मुरडणारा माणूस. विसरवाडीच्या चौफुलीवर त्याचा फोटो स्टुडिओ होता. महामार्गावर ट्रक उलटला, एखादी मोटारसायकल चेंगरली, की पंचनाम्याच्या फोटोसाठी पोलीस त्यालाच बोलवायचे. वीस-बावीस वर्षं त्याने ते काम केलं. रस्त्याकडेच्या चिखलात उकिडवं बसून, प्रेताच्या तोंडावरच्या माशा रुमालाने हाकलत तो फोटो काढायचा आणि घरी येऊन, हातपाय धुऊन, निवांत जेवायला बसायचा. त्याची बायको जन्नतबी त्याच्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, "तुमारा पेट है के पत्रे का डब्बा?"

अशा माणसाला भर दुपारी, आंब्याच्या सावलीत, भडाभडा उलटी झाली. कारण विचाराल तर एक सरकारी कार्ड.

युसुफचे आजोबा गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. बापाने ती पिंजण माळ्यावर टाकली, सुरतेहून जुना कॅमेरा आणला आणि डोंगराकडच्या पाड्यांवर लग्नाचे फोटो काढायला पायी जायला लागला. युसुफ त्याच्या मागे ट्रायपॉड खांद्यावर घेऊन फिरला आणि फिरता फिरता डोंगरातली बोली शिकला. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला, लग्नाची कामं गेली. उरले पासपोर्ट फोटो. निळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि एक प्रिंटर, एवढ्यावर त्याचं घर चालायचं.

पण फोटो काढताना तो कधी घाई करायचा नाही. डोंगरातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचा. आरशाखाली कंगवा ठेवलेला असे, खुंटीला एक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ज्याचा स्वतःचा फाटका असेल त्याने तो घालावा. म्हाताऱ्या बायका दिवा लागला की डोळे मिटून घेत. त्यांच्याशी काहीबाही बोलत, शेळ्या किती, नातवंडं किती असं विचारत, तो नेमका डोळे उघडे असताना बटण दाबायचा. फोटो हातात देताना म्हणायचा, "बघ, ही तू." आणि त्या बाया स्वतःकडे बघून पदरात तोंड लपवून हसायच्या.

स्टुडिओचा गाळा शांतीलाल काकांचा. हे शहाद्याकडचे, ऊस-केळीवाले शेतकरी. महामार्ग रुंद होणार हे आधीच हेरून त्यांनी चौफुलीवर दहा गाळ्यांची ओळ बांधली होती. शेवटचे दोन गाळे त्यांनी मुलाला, धीरजला दिले होते आणि त्याने तिथे सरकारी कागदपत्रांचं सेवा केंद्र उघडलं होतं. दाखले, उतारे, सगळ्या प्रकारची कार्डं तिथे निघत.

त्या वर्षी नवीन ओळखपत्र आलं. ते नसेल तर पुढे निराधार योजनेचा महिन्याचा पगार थांबणार, रेशन थांबणार, अशी आवई आधी आली आणि मग खरंच तसा हुकूम आला. सुरुवातीला कार्डाला शंभर रुपये शुल्क होतं. डोंगरातली माणसं दोन दिवसांची मजुरी मोडून यायची, रांगेत बसायची. मग पावसाळ्याच्या तोंडाशी सरकारने जाहीर केलं की पिवळं रेशनकार्ड असणाऱ्यांना शुल्क माफ. पंचायतीच्या भिंतीवर तसा कागदही लागला. तो वाचणारे थोडे आणि ज्यांच्यासाठी होता त्यांच्यातलं तर जवळपास कुणीच नाही.

तो कागद लागला त्याच संध्याकाळी धीरज युसुफच्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. पस्तिशीचा, गोरा, नेहमी अत्तर लावलेला.

"युसुफभाई, आते कार्डनी फी माफ व्हयनी," तो म्हणाला. "मंग आम्ही काय हवा खाऊत?"

युसुफ हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे.

"फाईलले तीन फोटो लागतस," धीरज म्हणाला. "येतीन त्या बठ्ठास्ले तुम्हनाकडेच धाडसू. दीडशे ल्या. चाळीस तुम्हना, बाकी माले."

"दीडशे कसाले? मी तीस लेस."

"सरकारी फाईल शे. तुम्ही फोटो काढा, बाकी इचारू नका."

युसुफने विचारलं नाही. हे तो पुढे प्रत्येकाला सांगायचा, अगदी ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही. मला माहीत नव्हतं असं नाही, तो म्हणायचा. मी विचारलं नाही. कारण त्या महिन्यात दुकानात दिवसाला चार गिऱ्हाइकं येत होती आणि धीरजच्या शब्दावर दुसऱ्या दिवसापासून चाळीस यायला लागली. प्रिंटर गरम होऊन बंद पडायचा. जन्नतबी दुपारचा डबा घेऊन यायची आणि बाहेरची गर्दी बघून खूश व्हायची. तीस रुपयांच्या फोटोचे दीडशे घेताना पहिल्या दिवशी त्याची जीभ अडखळली. चौथ्या दिवशी अडखळली नाही.

ज्यांच्याकडे रोख नव्हती ते कोंबड्या घेऊन येऊ लागले. कुणीतरी धीरजला विचारलं, त्याने चालेल म्हटलं. मग पाय बांधलेल्या कोंबड्या युसुफच्या दुकानाच्या पायरीवर पडून असायच्या. संध्याकाळी धीरजचा माणूस येऊन त्या मागच्या खुराड्यात टाकायचा.

एक दिवस मोगीबाई आली. डोंगरातल्या पाड्यावर एकटी राहणारी, सत्तरीच्या पुढची. नवरा गेला होता, लेक गुजरातेत मजुरीला जाऊन तिकडचाच झाला होता. निराधारच्या पगारावर ती मीठ-तेल घ्यायची. तिने एक कोंबडा आणला होता, तांबडा, उंच, शेपटीला हिरवी झाक असलेला. त्याच्या पायाला तिने आपल्या लुगड्याची चिंधी बांधली होती, सुतळीने पाय कापू नये म्हणून.

"एवढ्यात भागेल का?" तिने आपल्या बोलीत विचारलं.

"भागेल," युसुफ म्हणाला.

मोगीबाई दिव्यासमोर डोळे मिटून बसली. युसुफने तिला कोंबड्याबद्दल विचारलं. ती सांगायला लागली, हा पहाटे सगळ्या पाड्याच्या आधी आरवतो, याला मांजरीची भीती नाही. सांगता सांगता तिचे डोळे उघडले, तिला हसू आलं, आणि त्याने बटण दाबलं. फार चांगला फोटो आला. इतका चांगला की त्याने एक प्रत स्वतःसाठी ठेवावी असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात पुढचा माणूस स्टुलावर येऊन बसला.

पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी धीरजने पार्टी ठेवली. केंद्राच्या मागे आंब्याचं झाड होतं, तिथे दुपारी चूल मांडली. केंद्रातली माणसं, बाजारातले दोन-तीन व्यापारी, एक-दोन पुढारी. युसुफलाही बोलावणं होतं.

"युसुफभाई, तुम्हीच कापा," धीरज म्हणाला. "म्हणजे तुम्हालेबी चाली."

यात वाईट काहीच नव्हतं. चौफुलीवरच्या मेजवानीत हे नेहमीचं होतं. युसुफने बाह्या दुमडल्या, सुरी घेतली. खुराड्यातून एकेक कोंबडी हातात देत होते. तिसरा तांबडा कोंबडा आला. त्याच्या एका पायाला अजून चिंधी होती.

युसुफने ती पाहिली. हात थांबला, पण सगळे बघत होते. त्याने बिस्मिल्ला म्हणून तोही कापला.

हात धुवायला तो हौदाकडे गेला. परत येताना चुलीपाशी धीरजचा माणूस विस्तव पेटवत होता. लाकडं ओली होती, धूर होत होता. त्याने शेजारच्या गोणीत हात घातला, मूठभर काहीतरी काढलं आणि चुलीत सारलं. भसकन जाळ झाला. आणि एक वास आला. तो वास युसुफला झोपेतही ओळखू आला असता. फोटोचा कागद जळाल्याचा.

तो जवळ गेला. गोणी अर्धी भरलेली होती. त्याच्याच दुकानात काढलेले फोटो, त्यानेच कापून तीन-तीनचे संच केलेले, कागदी पाकिटासकट. चुलीत एक चेहरा गोळा होत होता, आधी कडा, मग कान, मग तोंड. वरच्या पातेल्यात कुणीतरी तेल ओतलं. दुसरी मूठ आत गेली तेव्हा त्याला मोगीबाई दिसली. उघडे डोळे, ओठावर हसू. ती काळी पडली आणि गेली.

"धीरजभाऊ," युसुफ म्हणाला, "हाई काय शे?"

"काय?" धीरजने वाकून पाहिलं. "ते व्हय! अरे, फोटो तं आमना कॅमेरा काढस. संगणकले कागद कोठे लागस? मंग येवढा फोटोस्ना काय करू? चूल तरी पेटस."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "युसुफभाईंचा माल पेटतो मात्र झकास."

आणि तेव्हा युसुफला उलटी झाली. हौदापर्यंतही पोचता आलं नाही. आंब्याच्या बुंध्याशी गुडघ्यावर बसून तो ओकत राहिला. पोटात काही राहिलं नाही तरी ओकत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, ऊन लागलं असेल. धीरजने स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला, पाठीवर हात फिरवला. तो हात युसुफला पालीसारखा वाटला. त्याने तांब्या खाली ठेवला आणि घरी गेला.

जन्नतबीने विचारलं, "क्या हुआ जी?"

"हात धो रहा हूँ," तो म्हणाला. त्याने साबणाने हात धुतले, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. मग तिला सगळं सांगितलं. तिला एवढंच कळेना की एवढे दिवस दुकानात येणारी ती गर्दी कुणाच्या जिवावर होती हे आपल्या लक्षात कसं आलं नाही.

सोमवारी युसुफने दुकान उघडलं, पांढरा पुठ्ठा घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कार्डासाठी फोटो लागत नाही. पिवळ्या रेशनकार्डाला शुल्क नाही. कुणालाही पैसे देऊ नका. आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तो स्वतः पायरीवर उभा राहिला.

"फोटो लागस नही," तो येईल त्याला सांगायचा. "कार्ड फुकट शे. आठे पैसा देऊ नका, तठेबी देऊ नका."

त्याला वाटलं होतं, लोक ऐकतील, चिडतील, धीरजच्या दारात जाऊन पैसे परत मागतील. झालं उलटंच. लोक त्याच्याकडे संशयाने बघायला लागले. उदेसिंग म्हणून एक जंगलमजूर होता, युसुफने त्याच्या लग्नाचे फोटो काढले होते. तो पायरीवरच भांडायला लागला.

"तुन्हा डोका फिरी गया का? फुकटना कार्ड कोनी दिधा का कधी? फोटो नही लावा, कार्ड अडकना, मंग काय करू मी? तू देशी का रेशन?"

"उदेसिंग, मी तुले खरं सांगी ऱ्हायनो."

"मंग काल परवा दीडशे कसा लिधात?"

उदेसिंग तरातरा केंद्राकडे गेला. दोन दिवसांत धीरजने आपल्या बायकोला, कामिनीला, केंद्रातच एक प्रिंटर घेऊन बसवलं. भिंतीला पडदा नाही की काही नाही. माणसाला दारात उभं करायचं, मोबाईलने फोटो काढायचा आणि दोनशे घ्यायचे. लोक देत होते. युसुफ आपल्या रिकाम्या दुकानातून ते बघायचा. खुशीने देत होते, देऊन हायसं वाटल्यासारखे बाहेर पडत होते. ते बघून त्याला धीरजची जेवढी शिसारी यायची तेवढीच कधी कधी त्या देणाऱ्यांचीही यायची. मग आपलीच यायची, कारण पैसे दिल्याशिवाय काम होत नाही हे त्यांना शिकवणाऱ्यांत तोही होता.

तो तालुक्याच्या कचेरीत तक्रार घेऊन गेला. तिथल्या कारकुनाने कागद वाचला, चष्मा वर केला.

"पावती आहे का? दीडशे घेतल्याची?"

"पावती कोण देणार साहेब?"

"घेतले कुणी? तुमच्या दुकानात घेतले ना? मग आरोपी तुम्हीच झालात."

"हो," युसुफ म्हणाला. "तसंच लिहा. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं."

कारकुनाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे बघतात. म्हणाला, "पिंजारी, घरी जा. जेवा. झोपा."

"मी इथेच बसतो," युसुफ म्हणाला. आणि पोच मिळेपर्यंत, चार वाजेपर्यंत तिथेच बसला.

चौकशी झाली. एक साहेब जीपमधून आले, केंद्रात पंख्याखाली बसले, थंड प्याले. संगणकावरचे अर्ज बघितले. सगळ्या अर्जांवर शुल्क शून्यच होतं. जाताना ते युसुफच्या दुकानापाशी थांबले, पुठ्ठा वाचला आणि मान हलवली. महिन्याभराने अहवाल आला: केंद्राचा कारभार नियमानुसार आहे, मात्र परिसरातील एका छायाचित्रकाराने जनतेकडून अवाजवी रक्कम आकारल्याचे दिसून येते, त्यास समज देण्यात यावी. युसुफने तो कागद तीनदा वाचला. त्याच्याबद्दल लिहिलेलं वाक्य खोटं नव्हतं, हेच त्याला सहन होईना.

त्याच आठवड्यात शांतीलाल काका आले. म्हातारा माणूस, त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"युसुफ, तुन्हा बाप मन्हा दोस्त व्हता. पन तू मन्हा पोऱ्याना पोटवर पाय दी ऱ्हायना. गाळा खाली कर."

"काका, तुमले माहीत शे, तो काय करस?"

काका महामार्गाकडे बघत राहिले. "माहीत शे," ते म्हणाले. "महिनाअखेर खाली कर."

युसुफने पडदा गुंडाळला, दिवे उतरवले, आरसा जन्नतबीच्या भावाच्या टेम्पोत ठेवला. पोलिसांच्या पंचनाम्यालाही आता दुसरा माणूस जायला लागला. तो आठवडी बाजारांत ताडपत्रीखाली बसू लागला. तिथे फोटोपेक्षा मोबाईलच्या काचा बदलायचं काम जास्त मिळायचं.

त्याने लोकांचे पैसे परत करायला सुरुवात केली. आपल्या वाट्याचे चाळीस तेवढे. वहीत नावं नव्हती, चेहरे आठवत होते. बाजारात एखादा चेहरा दिसला की तो उठून जायचा आणि हातात नोटा कोंबायचा. काही घ्यायचे, काही घाबरून मागे सरायचे. मोगीबाईसाठी त्याने एक कोंबडा विकत घेतला आणि मोटारसायकलला पिशवी लटकवून तिच्या पाड्यावर गेला.

तिने कोंबडा उलटापालटा करून पाहिला. "हा माझा नाही," ती म्हणाली.

"नाही. तुझा आम्ही कापला."

नवा कोंबडा तिने डालग्याखाली झाकला. मग म्हणाली, "कार्ड कधी येणार? दोन महिने पगार आला नाही."

युसुफने दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि विसरवाडी सोडून, दोन तास लांब एका बाजाराच्या गावातल्या केंद्रावर नेलं. तिथल्या बाईने तिचं रेशनकार्ड घेतलं, संगणकात बघितलं आणि म्हणाली, "यांचा अर्जच नाही कुठे. कुणी भरलेलाच नाही."

म्हणजे कोंबडा देणाऱ्यांचे अर्ज धीरजने भरलेही नव्हते. रोखवाले आधी, हे नंतर कधीतरी. युसुफ त्या बाईला म्हणाला, "मग आता भरा."

केंद्रातल्या बाईने मोगीबाईचं तोंड छोट्या कॅमेऱ्यासमोर धरलं, बोटं काचेवर टेकवली, पावती छापली. शुल्क: शून्य. दहा मिनिटांत झालं. पावती देताना तिने युसुफला खालच्या आवाजात, अगदी सहज, ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "एका म्हातारीमागे तुम्हाला किती सुटतात?"

युसुफ तिच्याकडे बघत राहिला. तिशीची, नीटनेटकी बाई, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. तिला वाईट काही बोलायचं नव्हतं. म्हातारीला गाडीवर आणणारा माणूस म्हणजे दलाल, एवढंच तिला माहीत होतं.

"आधी चाळीस सुटायचे," तो म्हणाला. "आता काही नाही."

"बरं, नका सांगू," ती हसून म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर मोगीबाईने कनवटीची गाठ सोडली, घडी घालून घालून चिंचोक्याएवढी झालेली एक नोट काढली आणि त्याच्यापुढे धरली. "किती द्यायचे?"

"ठेव ते," तो खेकसला. "कुणाला काही द्यायचं नाही, कितीदा सांगू तुला?"

म्हातारी दचकली. तिने नोट घाईघाईने परत बांधली आणि गाडीवर बसताना त्याचा खांदा न धरता मागचा लोखंडी कठडा धरला. आपलं काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं असावं. युसुफला ते कळलं, पण त्याने नुसती गाडीला किक मारली. घाटातून पाड्यापर्यंत ती कठडा तसाच धरून बसली होती.

कार्ड तीन आठवड्यांनी आलं. युसुफ अजूनही आठवड्यातून एक दिवस कुणाला ना कुणाला त्या लांबच्या केंद्रावर नेतो. तिथली माणसं आता त्याला नावाने ओळखतात आणि त्याचा हिस्सा किती, यावर आपसांत अंदाज लावतात.